एकच शिक्षा आणि तिने निर्माण केलेले मौन

परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या, किंवा दुसऱ्याने लिहिलेला निबंध आपल्या नावावर सादर करणाऱ्या विद्यार्थ्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षणसंस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थाही त्याला अपवाद नाहीत. अशा वेळी शिक्षकमंडळात बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की, उद्या ज्याच्या शब्दावर मंडळीने विश्वास ठेवावयाचा त्याने आजच खोटे केले असेल, तर त्याला घरी पाठवावे. दुसरा म्हणतो, वय कोवळे आहे, एकवार समज द्यावी आणि प्रकरण मिटवावे. दोन्ही पक्ष आपापल्या परीने तत्त्वाला धरून बोलतात. परंतु या दोन्ही मार्गांनी जाऊन पाहिलेल्या संस्थांचा अनुभव काय सांगतो, याचा विचार क्वचितच होतो.

तो अनुभव उपलब्ध आहे. अमेरिकेतील दोन संस्थांनी, व्हर्जिनिया विद्यापीठाने आणि वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीने, अप्रामाणिकपणाला हकालपट्टी ही एकच शिक्षा मानून अनेक पिढ्या कारभार केला. इतका शुद्ध आणि इतका दीर्घ प्रयोग अन्यत्र सहसा आढळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांचाच इतिहास पाहावयाचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगून ठेवतो : जेथे अपराधाला एकच शिक्षा असते आणि परतीची वाट नसते, तेथे अपराध थांबतोच असे नाही, परंतु त्याविषयी कोणी बोलेनासे होते. सत्याच्या रक्षणासाठी केलेला नियम सत्य सांगणाऱ्याचेच तोंड बंद करतो.

प्रतिज्ञेचा उगम

व्हर्जिनिया विद्यापीठ १८२५ मध्ये उघडले. संस्थापक थॉमस जेफर्सन यांची अपेक्षा अशी होती की, विद्यार्थी स्वतःच स्वतःचे नियमन करतील आणि शिक्षकांना पहारेकरी व्हावे लागणार नाही. ही आशा पहिल्याच वर्षी भंगली. ऑक्टोबर महिन्यात विद्यार्थ्यांनी दंगा केला. विद्यार्थ्यांना एकत्र बोलावण्यात आले. ८२ वर्षांचे जेफर्सन बोलण्यास उभे राहिले, आणि त्यांचा कंठ दाटून आल्याने त्यांना बोलता आले नाही. ज्या तिघांना काढून टाकण्यात आले त्यांत एक त्यांच्याच नात्यातला होता. पुढे संस्थेने गणवेश, पहाटे उठण्याची सक्ती असे कडक नियम केले. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यात जणू युद्धच सुरू झाले.

१२ नोव्हेंबर १८४० च्या रात्री आवारात गोंधळ चालू असता कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस बाहेर आले. मुखवटा घातलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळी झाडली आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. मरण्यापूर्वी त्यांनी आपल्या मारेकऱ्याचे नाव सांगण्याचे नाकारले. या घटनेने विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही हादरले. डेव्हिस यांच्या जागी आलेले हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी ४ जुलै १८४२ रोजी एक ठराव मांडला. यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेवर आपल्या सचोटीची शपथ वाहून लिहून द्यावे की, परीक्षेच्या वेळी मी कोणाचेही, कोणत्याही प्रकारचे साहाय्य घेतलेले नाही. पहाऱ्याच्या जागी विश्वास ठेवण्याचा हा प्रयत्न होता. त्या मूळ ठरावात शिक्षेचा उल्लेखही नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

प्रतिज्ञेपासून हकालपट्टीपर्यंत

प्रतिज्ञेला शिक्षेची जोड विद्यार्थ्यांनीच दिली. ज्याने प्रतिज्ञा मोडली त्याला सोबतीच सांगत की, तू आता आमच्यात राहू नयेस. आणि तो विद्यापीठ सोडून जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रथेला विद्यार्थ्यांच्या समितीचे रूप आले. आरोपाची चौकशी, सुनावणी आणि निर्णय सर्व विद्यार्थ्यांच्याच हाती. आणि दोष सिद्ध झाला की शिक्षा एकच, कायमची हकालपट्टी.

या एकाच शिक्षेमागील तर्क समजून घेतला पाहिजे. त्या काळातील व्हर्जिनियात प्रतिष्ठा ही घराण्याची वस्तू होती. ती एक तर असे किंवा नसे. सद्गृहस्थाने खोटे बोलले की तो सद्गृहस्थ उरत नसे. मग त्याच्या खोटेपणाचे लहानमोठे माप घेण्याचे कारणच नव्हते. हे सद्गृहस्थ बहुतांशी गुलामांच्या मालकांचे पुत्र होते, आणि ज्या कृष्णवर्णीयांच्या श्रमावर ते विद्यापीठ उभे राहिले त्यांची श्वेतवर्णीयांविरुद्धची साक्ष व्हर्जिनियाचे न्यायालय ग्राह्य मानीत नसे. म्हणजे कोणाच्या शब्दाला किंमत आहे हे त्याच्या चारित्र्यापेक्षा त्याच्या जन्माने आधीच ठरलेले होते. प्रतिज्ञेच्या या उज्ज्वल परंपरेची ही काळी बाजूही सांगितली पाहिजे.

तथापि या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षकाची गरज उरली नाही. विद्यार्थी प्रश्नपत्रिका घेऊन एकांतात बसू शकत. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो बहुधा त्या विश्वासाला जागतो, हा अनुभव अनेकांनी घेतला. अन्य अनेक महाविद्यालयांनी याच धर्तीवर आपापल्या संहिता तयार केल्या. प्रश्न विश्वासाविषयी नव्हताच. विश्वासभंग झाल्यावर काय करावे, याविषयी होता.

वेस्ट पॉइंट : १९५१

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत सचोटीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली होती. डग्लस मॅकआर्थर तेथे प्रमुख असताना, १९२२ मध्ये, कॅडेटांच्या सचोटी-समितीला अधिकृत रूप मिळाले. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणूक करणार नाही, चोरी करणार नाही, असा त्या संहितेचा आशय आहे. तसे करणाऱ्याला पाठीशी न घालण्याचे बंधनही त्यास जोडलेले आहे. येथेही शिक्षा एकच होती.

१९५१ मध्ये असे उघडकीस आले की, कॅडेट परीक्षेतील प्रश्न एकमेकांस सांगत होते. कॅडेटांच्या दोन रेजिमेंटा होत्या आणि एकच चाचणी दोघींना लागोपाठच्या दिवशी दिली जाई. पहिल्या दिवशी चाचणी दिलेल्यांनी दुसऱ्या दिवशी बसणाऱ्यांना प्रश्न सांगावेत, इतके ते सोपे होते. निवृत्त न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्या अध्यक्षतेखालील तिघांच्या मंडळाने हकालपट्टीला दुजोरा दिला, आणि ३ ऑगस्ट १९५१ रोजी ९० कॅडेटांना काढून टाकण्यात येत असल्याचे जाहीर झाले. त्यांत अकादमीच्या नामांकित फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडू होते, आणि संघाचे प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांचा मुलगाही होता.

या प्रकरणातील एक तक्रार पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिली. चौकशीच्या वेळी ज्यांनी विचारताक्षणी खरे सांगितले ते गेले. ज्यांनी धडधडीत नाकारले त्यांच्यापैकी काही राहिले. ही तक्रार खरी असेल त्या प्रमाणात, सचोटीसाठी केलेल्या नियमाने त्या दिवशी सचोटीलाच शिक्षा दिली आणि खोट्याला अभय दिले, असे म्हणावे लागते.

आपल्या वाचकांना या प्रसंगातील आणखी एक गोष्ट विचार करावयास लावील. न्यू यॉर्कचे आर्चबिशप कार्डिनल स्पेलमन यांनी जाहीर केले की, आपल्या धर्मप्रांतातील तीन कॅथलिक महाविद्यालये या तरुणांना प्रवेश देण्यास तयार आहेत. एका दात्याने आपले नाव गुप्त ठेवून नोत्र दाम विद्यापीठात त्यांच्या शिक्षणाचा खर्च देऊ केला. तो दाता म्हणजे जोसेफ केनेडी, हे पुढे कळले. अट अशी होती की, तेथे त्यांनी विद्यापीठाच्या संघातून खेळू नये. म्हणजे दार उघडे केले, परंतु ज्या कीर्तीपायी ते घसरले असे मानले जात होते ती कीर्ती मात्र परत दिली नाही. अकादमीच्या नियमात ज्याला जागा नव्हती ते बाहेरच्या लोकांना करावे लागले.

वेस्ट पॉइंट : १९७६

पंचवीस वर्षांनी तेच पुन्हा घडले, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. मार्च १९७६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एका अनिवार्य विषयात कॅडेटांना खोलीवर नेऊन सोडवावयाचे एक काम देण्यात आले. एकमेकांचे साहाय्य घेऊ नये, अशी स्पष्ट सूचना होती. आठशेहून अधिक कॅडेटांनी ते सोडविले. एका कॅडेटने आपल्या कागदावर साहाय्य घेतल्याचे स्वतःच लिहिले होते; त्यावरून संशय आला, उत्तरे ताडून पाहिली गेली, आणि प्रथम शंभरावर नावे पुढे आली. चौकशी लांबली तसा हा आकडा वाढत गेला. शेवटी दीडशेहून अधिक कॅडेटांना अकादमी सोडावी लागली.

या वेळी मात्र गोष्ट तेथेच संपली नाही. आरोपींनी आणि त्यांच्या वकिलांनी असे मांडले की, दोषी केवळ इतकेच नाहीत. ज्यांनी पाहिले व जे गप्प राहिले त्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे, आणि न्याय करण्यास बसलेलेही त्यातून सुटलेले नाहीत. संहितेच्या शब्दांनुसार गप्प बसणाराही तितकाच दोषी आणि त्यालाही शिक्षा तीच. तसे पाहिल्यास संपूर्ण वर्गच रिकामा करावा लागला असता.

२३ ऑगस्ट १९७६ रोजी लष्कर खात्याचे सचिव मार्टिन हॉफमन यांनी निर्णय दिला की, काढून टाकलेले कॅडेट एक वर्षानंतर पुनःप्रवेशासाठी अर्ज करू शकतील. संहितेच्या इतिहासात परतीची वाट प्रथमच अधिकृतपणे उघडली. त्याचबरोबर एक आयोग नेमण्यात आला. त्याचे अध्यक्ष होते फ्रँक बोरमन, १९६८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला चंद्राभोवती फिरणाऱ्या अपोलो-८ मधून ज्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचे वाचन केले त्या तिघांपैकी एक. ते स्वतः १९५० साली वेस्ट पॉइंटहून उत्तीर्ण झालेले होते. त्यामुळे बाहेरच्या माणसाने केलेली टीका म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला सारणे कोणाला शक्य नव्हते.

डिसेंबर १९७६ मध्ये आयोगाने अहवाल दिला. कॅडेटांचा अपराध त्याने नाकारला नाही. परंतु सचोटीची व्यवस्था आतून बिघडलेली असताना संस्थेच्या प्रमुखांनी तिकडे दुर्लक्ष केले, आणि या अपराधात संस्थेचाही वाटा आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. हकालपट्टीची एकमेव शिक्षा सोडून द्यावी, शिक्षेला पायऱ्या असाव्यात आणि गेलेल्यांना लवकर परत घ्यावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्यानंतर अकादमीच्या प्रमुखाला दोषी कॅडेटला ठेवून घेण्याचा अधिकार मिळाला, आणि गेलेल्यांपैकी अनेक जण परत येऊन अधिकारी झाले.

मौन का उत्पन्न होते?

एकाच शिक्षेचा परिणाम तीन माणसांवर होतो. पहिला साक्षीदार. आपल्या एका शब्दाने मित्राचे सर्व आयुष्य बदलणार आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. दुसरा न्यायाधीश. पुरावा पुरेसा असूनही त्याचा हात अडखळतो. अपराध लहान आणि शिक्षा सर्वस्वाची असेल तर तो अपराधच नव्हता असे म्हणण्याकडे त्याचा कल होतो. तिसरा खुद्द अपराधी. कबुलीने काहीच हाती लागत नाही हे त्याला कळते. म्हणून पहिल्या खोट्याच्या रक्षणासाठी तो दुसरे खोटे बोलतो. शिक्षकही यातून सुटत नाही. प्रकरण समितीपुढे नेण्यापेक्षा ते खासगीत मिटवावे, असे त्याला वाटू लागते. आणि मग एकाला समज मिळते, दुसऱ्याला शून्य गुण, तिसऱ्याला काहीच नाही.

व्हर्जिनियात हे २००१ मध्ये दिसून आले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लुई ब्लूमफील्ड यांच्याकडे एका विद्यार्थिनीने तक्रार केली की, काही जण जुन्या वर्षांचे निबंध पुन्हा सादर करून अधिक गुण मिळवीत आहेत. प्राध्यापकांनी संगणकावर एक साधा कार्यक्रम तयार करून अनेक सत्रांचे निबंध परस्परांशी ताडून पाहिले. त्यातून एकूण १५८ प्रकरणे विद्यार्थी-समितीपुढे गेली. त्यांचा निकाल लावण्यास दीड वर्षाच्या आसपास काळ लागला, आणि काही जणांच्या मिळालेल्या पदव्याही परत घेतल्या गेल्या. विचार करावा असा मुद्दा हा की, प्रतिज्ञेने बांधलेल्या शेकडो विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत जे सत्रामागून सत्र चालले, ते उघडकीस आणण्यासाठी शेवटी यंत्राची गरज लागली.

एकमेव शिक्षा बदलावी की नाही यावर तेथील विद्यार्थ्यांनी वारंवार मतदान केले. २०१३ मध्ये त्यांनी एवढे मान्य केले की, आरोप झाल्याबरोबर जो कबूल करील त्याने एक वर्ष विद्यापीठाबाहेर राहून परत यावे. २०१६ मध्ये मूळ शिक्षाच बदलण्याच्या बाजूने बहुमत झाले. परंतु आवश्यक ६० टक्क्यांना ते थोडक्यात कमी पडले. २०२२ मध्ये मोठ्या मताधिक्याने हकालपट्टी रद्द होऊन तिच्या जागी दोन सत्रांची अनुपस्थिती आली, आणि २०२३ मध्ये अपराधानुसार वेगवेगळ्या शिक्षांची पद्धत स्वीकारण्यात आली. म्हणजे १८४२ च्या प्रतिज्ञेला १८१ वर्षे पूर्ण होताना तिच्यापासून ती एकमेव शिक्षा वेगळी झाली. प्रतिज्ञा मात्र राहिली.

क्षमा स्वस्त झाली तर?

येथे कोणी म्हणेल की, मग सौम्यता हाच उपाय आहे. इतिहास तसेही सांगत नाही. वेस्ट पॉइंटने २०१५ मध्ये अशी योजना केली की, जो कॅडेट आपला अपराध स्वेच्छेने कबूल करील त्याला हकालपट्टी होणार नाही. हेतू चांगला होता. मे २०२० मध्ये, महामारीमुळे कॅडेट आपापल्या घरी असताना, गणिताच्या परीक्षेत ७३ जणांवर फसवणुकीचा आरोप आला. सहा जणांनी राजीनामे दिले, चौघे निर्दोष ठरले, दोघांविरुद्ध पुरावा अपुरा पडला, आठ जणांना काढून टाकण्यात आले, आणि उरलेल्यांपैकी ५१ जणांना एक वर्ष व दोघांना सहा महिने मागे ठेवण्यात आले. कबुलीच्या योजनेने अपेक्षित परिणाम साधला नाही, असा निष्कर्ष काढून एप्रिल २०२१ मध्ये अकादमीच्या प्रमुखांनी ती बंद केली.

यातून बोध असा की, सापडल्यानंतरची कबुली आणि सापडण्यापूर्वीची कबुली या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली हा पुष्कळदा हिशेब असतो. दुसरी हा पश्चात्ताप असू शकतो. दोघींना एकच मोबदला दिला तर कबुलीचे मोल जाते. परतीची वाट असावी, पण ती चालून जावी लागणारी वाट असावी. एका सहीने मोकळे होण्याची सोय नसावी.

आपल्या वाचकांना येथे तिसऱ्या शतकातील कार्थेजची आठवण होईल. सम्राट देकियसच्या छळकाळात बळी अर्पण केल्याचा दाखला प्रत्येकाने मिळवावा, असा हुकूम निघाला. काहींनी खरोखर बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे देऊन नुसता खोटा दाखला मिळविला. छळ ओसरल्यावर हे सर्व मंडळीच्या दारी आले. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना कदापि घेऊ नये. कार्थेजमध्ये दुसरा एक पक्ष म्हणाला, तुरुंगवास सोसलेल्या साक्षीदारांनी शिफारसपत्र दिले की तत्काळ घ्यावे. बिशप सिप्रियन यांनी दोन्ही नाकारले. २५१ च्या परिषदेने प्रत्येकाची परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचे ठरविले. खोटा दाखला घेणाऱ्यास एक न्याय, बळी देणाऱ्यास त्याहून दीर्घ प्रायश्चित्त. शिक्षेला पायऱ्या असाव्यात, हे बोरमन आयोगाला १९७६ मध्ये जे सुचले, ते मंडळीने खोट्या दाखल्यांच्याच प्रकरणात सतरा शतकांपूर्वी शिकून घेतले होते.

आपल्याकडील वेगळा इतिहास

भारतात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे शिकवावे महाविद्यालयाने आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठाने. त्यामुळे ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याला ओळखावे त्याच्या हाती निर्णय राहिला नाही, आणि ज्यांच्या हाती निर्णय आला त्यांना विद्यार्थी केवळ आसनक्रमांकाने ठाऊक. कॉपी हा सहाध्यायांशी केलेला विश्वासघात न ठरता परीक्षाखात्याविरुद्धचा गुन्हा ठरला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव वा गोवा येथील आपल्या विद्यार्थ्यांना भिन्नभिन्न विद्यापीठांचे नियम लागू पडतात. परंतु ही मूळ रचना बहुतेक ठिकाणी सारखीच आहे.

गुन्हा म्हटल्यावर कायदा येतो. महाराष्ट्राने १९८२ मध्ये विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम केला. उत्तर प्रदेशाने १९९२ मध्ये त्याहून पुढे जाऊन कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरविला. परीक्षार्थी मुलांना तुरुंगात जावे लागले. त्या वर्षी तेथील हायस्कूल परीक्षेचा निकाल १५ टक्क्यांच्या आसपास खाली आला. भीतीने कॉपी रोखली, हे त्यावरून दिसते. परंतु मुलांना वर्षभर काय शिकविले गेले होते, हेही त्यावरूनच दिसते. तो कायदा निवडणुकीचा विषय झाला आणि सरकार बदलताच मागे घेतला गेला. जो नियम लोकांच्या न्यायबुद्धीला पटत नाही तो टिकत नाही.

अलीकडील पावले अधिक विचाराची आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत सुधारून द्यावा. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सुधारित प्रबंध देता येणार नाही. त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द. केंद्राच्या सार्वजनिक परीक्षांसाठी २०२४ मध्ये झालेल्या कायद्यात प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांना जबर शिक्षा आहेत. परीक्षार्थीला मात्र त्या कायद्याखाली गुन्हेगार न धरता त्याचा प्रश्न परीक्षासंस्थेच्या नियमांवर सोपविला आहे. पायऱ्या आल्या, हे चांगले झाले. उणीव एवढीच की, टक्केवारी शब्दांचे साम्य मोजते. ते साम्य अज्ञानाचे की कपटाचे हे ती सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी विद्यार्थ्याला ओळखणारा शिक्षकच लागतो.

एका प्रबंधाची कथा

आणि शिक्षकाचेही उत्तरदायित्व आहे. मार्टिन लूथर किंग यांनी १९५५ मध्ये बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पॉल टिलिख आणि हेन्री नेल्सन वीमन यांच्या विचारांतील परमेश्वराच्या संकल्पनेची तुलना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. स्टॅनफर्ड येथे त्यांचे लेखन संपादित करणाऱ्या क्लेबोर्न कार्सन यांच्या मंडळाला आढळले की, प्रबंधातील अनेक परिच्छेद इतरांच्या लेखनातून, त्यांत १९५२ मध्ये त्याच विद्यापीठात सादर झालेल्या जॅक बूझर यांच्या प्रबंधातूनही, पुरेशा निर्देशाविना घेतलेले आहेत. नोव्हेंबर १९९० मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. दोन्ही प्रबंध एकाच मार्गदर्शकाच्या, प्रा. डीवुल्फ यांच्या, डोळ्यांखालून तीन वर्षांच्या अंतराने गेले होते. त्यांच्या ध्यानात ते आले नाही.

विद्यापीठाने चार विद्वानांची समिती नेमली. १९९१ मध्ये समितीने दोष स्पष्ट शब्दांत नोंदविला. परंतु पदवी काढून घेऊ नये असे म्हटले. ग्रंथालयातील प्रबंधाच्या प्रतीला समितीचे निष्कर्ष सांगणारे पत्र जोडावे, एवढीच तिची शिफारस होती. ज्या माणसाने पुढे अन्यायाविरुद्ध आपले प्राण वेचले त्याचा दोष लपविला गेला नाही, आणि त्या दोषाने त्याचे सारे जीवन पुसूनही टाकले नाही. जो प्रबंध उघडील त्याला ते पत्रही दिसेल. शिक्षेचे मुख्य काम सत्य जागेवर ठेवणे हे असेल, तर ते येथे पुरेपूर झाले.

आपल्या संस्थांपुढील कर्तव्य

या इतिहासाच्या प्रकाशात आपल्या सेमिनऱ्या व धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्ग यांनी काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. प्रथम, काय निषिद्ध आहे हे पहिल्याच सत्रात उदाहरणांसह शिकवावे. पुष्कळ विद्यार्थी गुरूचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखविणे हाच सद्गुण, अशा शाळांतून आलेले असतात. त्यांना अवतरण कसे द्यावे हे न सांगता चोर ठरविणे अन्यायाचे आहे. दुसरे, शिक्षेच्या पायऱ्या असाव्यात, आणि त्या श्रीमंत-गरीब, ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता सर्वांना सारख्या लागू व्हाव्यात. तिसरे, सापडण्यापूर्वी जो स्वतः येऊन सांगतो त्याच्या बाबतीत अधिक उदारता असावी; परंतु काम पुन्हा करणे, एक सत्र मागे राहणे, अशी काही किंमत त्यानेही द्यावी. चौथे, प्रत्येक प्रकरणानंतर शिक्षकांनी आपल्याकडेही पाहावे. तीच प्रश्नपत्रिका दरवर्षी काढली जाते काय? निबंध खरोखर वाचले जातात काय? १९५१ ची लागोपाठची चाचणी आणि १९५५ चा न ताडलेला प्रबंध या दोहोंत शिक्षकाचा आळस विद्यार्थ्याच्या मोहाला येऊन मिळाला होता.

हकालपट्टी मुळीच नसावी, असा याचा अर्थ नव्हे. वारंवार समज देऊनही जो कपट सोडीत नाही, किंवा जो आपल्या खोट्यासाठी निरपराध सोबत्याला बळी देतो, त्याला धर्मसेवेच्या मार्गावरून दूर करणे हे मंडळीवरचे ऋण आहे. प्रभूने बंधूच्या अपराधाविषयी घालून दिलेल्या क्रमातही, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, वेगळे करणे आहेच. परंतु ते शेवटी आहे. त्याच्या आधी एकांतातले बोलणे आहे, दोघा-तिघा साक्षीदारांचे बोलणे आहे, मंडळीचे बोलणे आहे. ज्या संस्थेत हे तीन वेळा बोलणे घडते तेथे मौनाला जागा राहत नाही. व्हर्जिनिया आणि वेस्ट पॉइंट यांनी चौथ्या पायरीपासून आरंभ केला, आणि आधीच्या तीन पायऱ्या बांधून काढण्यात त्यांचे दीड शतकाहून अधिक गेले. आपल्याला त्या पायऱ्या प्रथमपासून दिलेल्या आहेत. त्या वापरावयाच्या की नाहीत, एवढाच प्रश्न उरतो.